कोरे शनिवार

हस्तलिखित हाताळायचं तर हात धुऊन, पूर्ण कोरडे करून बसायचं, असा आमच्या खोलीचा नियम आहे. ढब्बू झाल्यापासून माझे हात दिवसातून वीसेक वेळा धुतले जातात, त्यामुळे या एका बाबतीत तरी माझ्याकडे बोट दाखवायला जागा नव्हती. बाकी सगळीकडे होती. नऊ महिन्यांचं मूल घरी ठेवून मी आठवड्यातून दोनच दिवस, मंगळवारी आणि गुरुवारी, ग्रंथालयात येत होते, आणि तेव्हाही अर्धा जीव टेबलावर पालथ्या ठेवलेल्या फोनमध्ये असायचा.

समोर स्तोत्रसंहिता होती. पाचशे वर्षांपूर्वी हाताने लिहिलेली, हिब्रूत, म्हणजे ज्यू लोकांच्या प्रार्थनेच्या भाषेत. समासात मात्र लॅटिन. एक ख्रिस्ती धर्मगुरू या पुस्तकावरून हिब्रू शिकला होता आणि जिथवर वाचून झालं तिथे तो तारीख टाकायचा: अमक्या संताचा दिवस, तमक्या संताच्या दिवसाचा दुसरा दिवस. पहिल्याच पानावर वर्षही घातलेलं. आणि प्रत्येक तारखेशेजारी एक बारीक आकडी, बरोबरची खूण असते तशी.

'हा माणूस कुणाच्याही मदतीशिवाय शिकला,' असं आमच्या विभागप्रमुखांनी तीस वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. त्यांच्या गळ्यात कायम भिंग लटकत असतं, म्हणून पाठीमागे आम्ही त्यांना भिंगबाई म्हणतो.

मला ती आकडी पटत नव्हती. तारखा जपून, कोरून काढल्यासारख्या. आकडी मात्र खालून वर, एका झटक्यात मारलेली. वही तपासणारा मारतो तशी. स्वतःच्याच वहीत कुणी इतका झटका देत नाही. ग्रंथालयाच्या नव्या सूचीत या पुस्तकाची नोंद माझ्याकडे होती. तिच्यात मी एक ओळ घातली: 'शिकवणारा ज्यू शिक्षक असावा.'

भिंगबाईंनी 'असावा'खाली पेन्सिलीने रेघ ओढली. "सूचीतला 'असावा' म्हणजे चपलेतला खडा. शुक्रवारी हे छापायला जातंय. गुरुवारी पुरावा आण, नाहीतर ओळ काढ."

ओळ काढली असती तर कुणाचंच काही अडलं नसतं. पण पाचशे वर्षं त्या शिकवणाऱ्याला कुणी धरलंच नव्हतं हिशेबात. आता मला दिसूनही तो वगळायचा, हे माझ्या गळी उतरेना.

घरी मी ढब्बूची वही ठेवते. दूध किती, झोप किती, ताप आहे का, खोकला ओला की सुका. सासूबाई तिला 'पंचनामा' म्हणतात. त्या संध्याकाळी वही चाळताना मी धसकलेच.

"आई, मंगळवार, गुरुवार सगळे कोरेच आहेत!"

"बरं मग?"

"दूध किती प्यायला, कधी झोपला, काहीच लिहिलं नाहीत तुम्ही."

"अगं, मग तुला काय वाटलं, मंगळवारी पोरगं उपाशी असतं?" त्यांनी ढब्बूच्या मुठीतून चष्म्याची काडी सोडवली. "त्या दिवशी मी असते. मी लिहीत नाही, मी बघते त्याच्याकडे. कोरी जागा दिसली की समजायचं, आजी ड्युटीवर होती."

मी वही धरून तशीच उभी राहिले. कोरी जागा म्हणजे दुसरं माणूस.

"काय गं, दुखलं का बोललेलं?"

"नाही आई. उद्या जरा ढब्बूला घ्याल?"

"बघ! उद्या बुधवार, आणि बाई सुधारली."

बुधवारी मी हस्तलिखिताचे फोटो घेऊन बसले. सत्तावन्न तारखा. शिकवणारा कुणी असेल, तर त्याच्या सुट्टीचा वार कोरा दिसायला हवा. एकेक काढून तिचा वार शोधला, सात रकाने आखले आणि भरत गेले. मधूनच आतल्या खोलीत ढब्बू खोकला, उठायला गेले तर सासूबाईंचा आवाज आला, "बस तिथेच!" सगळं भरून झालं तेव्हा दोन रकाने रिकामे होते. दोनच. वरची नावं वाचली आणि अवसानच गळालं. बुधवार आणि गुरुवार.

गुरुवारी सकाळी तोच कागद भिंगबाईंपुढे ठेवला.

"बुधवार, गुरुवार सुट्टी," त्या म्हणाल्या. "असा कोणता धर्म गं? मलाही घ्यायचाय."

त्यांनी कागद परत सरकवला, भिंग उचललं, आणि हसू दाबत विचारलं, "वार कुठल्या कॅलेंडरने काढलेस?"

आधी मला कळलंच नाही. मग कळलं, आणि कान तापले. हे आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवतात. त्याच शतकाच्या अखेरीस ख्रिस्ती जगाने कॅलेंडर दुरुस्त केलं, तेव्हा दहा दिवस गाळले. हे पुस्तक त्याच्या आधीचं, आणि मी वार काढले आजच्या कॅलेंडरने! दहा दिवस म्हणजे एक आठवडा आणि वर तीन. प्रत्येक वार तीन घरं पुढे.

मी रकान्यांवरची नावं खोडली आणि नवी लिहिली. बुधवारच्या जागी शनिवार. गुरुवारच्या जागी रविवार.

रविवार धर्मगुरूचा, त्या दिवशी तो देवळात. पण शनिवार? शनिवारी त्याला कोण अडवणार होतं? शनिवार ज्यूंचा शब्बाथ. त्या दिवशी ज्यू माणूस लेखणीला हात लावत नाही. सत्तावन्न धड्यांत एकही शनिवार नव्हता.

"योगायोग," भिंगबाई म्हणाल्या, पण खुर्ची ओढून माझ्या शेजारी येऊन बसल्या. "ज्यूंचा प्रायश्चित्ताचा दिवस बघ. वर्षातला सगळ्यात मोठा उपास. त्या वर्षी कधी होता?"

मी कोष्टक उघडलं. बुधवारी होता. त्यांनी स्वतः भिंग लावून समास वाचला. मंगळवारी धडा. गुरुवारी धडा. बुधवारी काही नाही.

त्या तासाभरात मी फोन एकदाही उलटा करून पाहिला नव्हता, हे नंतर लक्षात आलं.

भिंगबाई उठल्या, कपाटातून आपलंच तीस वर्षांपूर्वीचं पुस्तक काढलं, पान शोधलं आणि 'मदतीशिवाय' या शब्दासमोर शाईने लिहिलं: 'चूक.' खाली तारीख घातली. मग माझा कागद ओढला आणि कोपऱ्यात, खालून वर, एका झटक्यात, आकडी मारली.

"'असावा' काढ," त्या म्हणाल्या. "आणि हे सुचलं कसं, तेही तळटीपेत घाल. पुरावा कुठून आला हे लिहायचं असतं."

सूचीत आता ओळ अशी आहे: 'समासातील हात दोन. विद्यार्थी, ख्रिस्ती धर्मगुरू. शिक्षक, ज्यू, नाव अज्ञात.' छापून आल्यावर एका मंगळवारी संध्याकाळी मी ती सासूबाईंना वाचून दाखवली. त्यांनी ढब्बूला कडेवर सावरलं, पुस्तक हातात घेतलं आणि ओळीवरून बोट फिरवलं.

"पाचशे वर्षांनी का होईना, मास्तरांची हजेरी लागली," त्या म्हणाल्या. "आणि खाली बारीक अक्षरात आहे ती मी का?"

"हो आई. तळटीपेत."

"नाव नीट घातलंस ना? अज्ञात-बिज्ञात चालणार नाही हं मला."

चष्मा पुसून त्यांनी तळटीप दोनदा वाचली. मग शेजारच्या बाईंना हाक मारायला पुस्तक घेऊनच बाहेर गेल्या, आणि ढब्बूच्या वहीतला तो मंगळवारही कोराच राहिला.