नीलगिरींवरचा आळ

मी एक जुने हवा मोजणारे यंत्र आहे. सध्या अडगळीच्या खोलीत, मोडक्या खुर्चीमागे पडून आहे.

मित्रांनो, माझी उमेदीची वर्षे दवाखान्याच्या गच्चीवर गेली. खाली गाड्यांनी वाहणारा रस्ता आणि कडेला बारा नीलगिरी. त्या दवाखान्याच्या रखवालदारमामांनी लावल्या होत्या. रोज सकाळी हवेचे आकडे टिपणाऱ्या मोजणीबाई माझी काचनळी धुवायच्या आणि विचारायच्या, "काय म्हातारबा, आज कशी आहे हवा?" किती बरे वाटायचे! आता असे कुणी विचारत नाही.

एका उन्हाळ्यात दुपारचा ओझोन सारखा वाढू लागला. हा वायू जमिनीलगत साचला की घसा जळतो, धाप लागते. खाली दम्याच्या पोरांची रांग लागली. बाईंनी कारण शोधून काढले. उन्हात नीलगिरीच्या पानांतून न दिसणाऱ्या वाफा निघतात. आपल्याला येतो तो त्यांचाच वास. त्या वाफा गाड्यांच्या धुरातल्या वायूंत मिसळल्या आणि वरून ऊन तापले की ओझोन तयार होतो. पण घाईघाईत बाईंनी अहवालाच्या पहिल्या ओळीत झाडांचे नाव लिहिले आणि धूर ठेवला दुसऱ्या पानावर. पालिकेच्या मोठ्या साहेबांनी पहिली ओळच वाचली. दोन दिवसांत करवत आली.

तीन झाडे आडवी झाली, तेव्हा कुठे बाईंना कळले. त्या धावत खाली गेल्या. "थांबवा! असं नव्हतं म्हणायचं मला!"

"सही तुमचीच आहे ना, बाई?" करवतवाला म्हणाला.

बाईंनी साहेबांना गाठले. "चार दिवस या भागात गाड्या बंद ठेवा. आकडा उतरला नाही, तर उरलेली झाडं खुशाल पाडा."

साहेब कुरकुरत कबूल झाले. मला तर धडकीच भरली. ऊन तेच होते, नऊ झाडांचा वासही तोच. तरी चौथ्या दुपारी माझा आकडा निम्म्यावर आला! साहेबांनी करवत परत पाठवली आणि गाड्यांचा रस्ता बदलला.

संध्याकाळी मामा गच्चीवर आले. म्हणाले, "बाई, तीन तुमच्यामुळे गेली. नऊ तुमच्यामुळेच राहिली." बाई माझी स्वच्छ नळी पुन्हा धूत राहिल्या.

मित्रांनो, कुणावर बोट ठेवण्याआधी दुसरे पानही वाचा. झाड काही स्वतःची बाजू सांगायला येत नाही.