तागावरची साळुबाई

साळुबाईनं जिथं जीव सोडला त्या जागी तिच्या नवऱ्यानं, गेणभाऊंनी, रीतीप्रमाणे पीठ पसरून वर पाटी झाकली. गेलेलं माणूस कुठल्या जन्माला गेलं ते पिठातल्या पावलावरून कळतं. दहाव्याच्या सकाळी गेणभाऊंच्या बहिणीनं, भागूनं, पाटी उचलली. पिठात एक नागमोडी रेघ होती आणि रेघेच्या टोकाला खुद्द सुरवंट बसला होता. काळा, पांढऱ्या पट्ट्यांचा, नारिंगी ठिपक्यांचा.

"आजवर नुस्तं पाऊल यायचं," भागू म्हणाली. "वहिनी सोताच आली."

गेणभाऊंनी तिला खोक्यात ठेवलं. मेथी दिली, कोबी दिला, तिनं तोंड लावलं नाही. तागाचा पाला दिला तेव्हा मात्र खायला लागली ती थांबेचना. जन्मभर सगळ्यांच्या मागून जेवलेली बाई. गेणभाऊ समोर बसून बघत राहिले. बायको गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांना बरं वाटलं.

पंचाईत तागाची झाली. कांद्याआधी रानाला खत म्हणून पेरलेला तो ताग आता गाडायचा होता. मुलगा सुनील घोडेगावहून रजा काढून आला, शेजारच्या आळे गावचा ट्रॅक्टर सांगितला. गेणभाऊ ट्रॅक्टरपुढं जाऊन बसले.

"तुझ्या आईचं ताट हाय ते."

"आई दिसाला चार पानं खाती, दादा. तिला एकरभर रान कशाला? ताग कडक झाला की कुजत न्हाई."

"तू किती खायचास ते तिनं कधी काढलं व्हतं का?"

ट्रॅक्टर परत गेला.

आठवड्यानं ती खोक्यातल्या पाचोळ्यात शिरली आणि तिचा तपकिरी कोष झाला. हलेना की डुलेना. गेणभाऊंनी अन्न सोडलं.

"परत दहावं घालायचं का रं?" भागूनं विचारलं.

"थांब आत्या," सुनील म्हणाला. "अजून नक्की न्हाई."

नवव्या दिवशी सकाळी कोष फुटला. पांढऱ्या पंखांवर लाल आणि काळे ठिपके. साळुबाई सवाष्ण गेलेली, त्यामुळं लाल ठिपक्यांबद्दल कुणाला शंका आली नाही. पतंग असून ती उन्हातच उडाली. अंधाराला ती पहिल्यापासून भ्यायची.

गेणभाऊ तिच्यामागं तागात गेले. तिथं तसलेच पंधरा-वीस उडत होते. त्यांनी हाक मारली. कुणी वळलं नाही, पण जिवंतपणीही ती पहिल्या हाकेला कधी वळत नसे. त्यांनी तिच्यावरची नजर काढली नाही. दुपारी ती एका काडीवर बसली आणि तिला दुसरा एक पतंग येऊन जुळला.

सुनीलनं मान फिरवली. "दादा, घरी चला."

गेणभाऊंनी वाकून त्या दुसऱ्याला नीट निरखलं. मग म्हणाले, "पावणा नीटनेटका दिसतोय."

"व्हय."

"आता महिनाभर ट्रॅक्टर नको. पहिलं बाळंतपण माहेरी असतं."

"आईचं माहेर ओझरला हाय, दादा."

"ते मागल्या जन्मी व्हतं," गेणभाऊ म्हणाले, आणि ट्रॅक्टरवाल्याला तसं सांगायला स्वतः आळ्याला निघाले.