घरची गाठ

पोळ्याच्या दिवशी पाटलाचा सर्ज्या वाजतगाजत मारुतीपुढे आला आणि रखमाजी माणसांच्या मागे सरला. बैलाच्या गळ्यात घुंगरांचा पट्टा होता. काळंभोर कातडं, मधोमध पिंपळपानांची नक्षी, दोन्ही कडांना पिवळ्या दोऱ्याची दुहेरी शिवण. माणसं मान वाकडी करकरून बघत होती आणि पाटील मिशीवर हात फिरवत होते. असा पट्टा उभ्या मावळात कुणाच्या बैलाला नाही, असं जो तो म्हणत होता. एरवी हे ऐकून रखमाजीला आभाळ ठेंगणं झालं असतं, कारण तो पट्टा त्याने स्वतःच्या हाताने शिवला होता. आज मात्र तो पाटलांची नजर चुकवत होता.

रखमाजी मराठ्याच्या घरातला. दोन बैल, बारमाही विहीर, वाडीत चार माणसांत बसायचा मान. बेडशाच्या लेण्यांखालच्या त्या वाडीत अशा माणसाने कातड्याला आरी लावणं हे चोरीमारीहून वाईट समजत. चोराला निदान दोन फटके देऊन परत घेत. कातडं शिवणाऱ्या मराठ्याला परत घेतल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. बरं, वाडीला कातड्याचं वावडं होतं म्हणावं, तर तसंही नाही. विहिरीवरची मोट कातड्याची, तिचं पाणी सगळी वाडी घटाघटा प्यायची. देवळातला ढोल कातड्याचा, पाटलांच्या पायांतले करकरीत जोडे कातड्याचे. वापरायला कातडं चालत होतं, शिवणारा तेवढा गावाबाहेर हवा होता. ही अक्कल कुणी काढली कुणास ठाऊक, पण ती होती आणि तिला रखमाजी भीत होता.

त्यातून आज पारावर पाटलांच्या शेजारी हौशीराम बसले होते. हौशीराम तळेगावचे, रखमाजीचे होणारे व्याही. रखमाजीच्या लेकीची, शालूची, सुपारी फुटून महिनाही झाला नव्हता. लग्न मार्गशीर्षात, आणि पोळ्याच्या निमित्ताने सासऱ्याने सुनेचं घर बघायला यावं म्हणून रखमाजीनेच त्यांना आग्रहाने बोलावलं होतं. पोरगी पहाटेच हौसेने पुरणाला बसली होती. एवढं कळलं की ते लग्न मोडणार, आणि मग शालूला दुसरीकडूनही कुणी विचारणार नाही, हे त्याला सांगायला ज्योतिषी नको होता.

हे वेड त्याला लढाईत लागलं. जर्मनीच्या लढाईत तो खेचरांच्या पलटणीबरोबर बसऱ्याला गेला होता. तिथे खोगिरं उसवत, आणि एका दोऱ्याला दोन्हीकडून दोन सुया घालून ती कशी शिवायची हे एका पंजाबी म्हाताऱ्याने त्याला शिकवलं. पलटणीत कुणी जात विचारली नाही. लढाई संपली, रखमाजी परत येऊन नांगराला लागला, पण हात शिवशिवायचे थांबेनात. शेवटी लोणावळ्याच्या बाजाराला भाजीची पाटी घेऊन जाताना त्याला मेहबूबचं दुकान सापडलं. मेहबूब टांग्याच्या घोड्यांचे लगाम आणि खोगिरं करी. बाजार उरकला की रखमाजी त्याच्या मागच्या खोलीत जाऊन बसे. तिथे तिसरा असे सोपान, त्यांच्याच वाडीचा चांभार. वाडीच्या वाटेवर हे दोघं एकमेकांकडे बघतही नसत. इथे मांडीला मांडी लावून बसत.

पोटापाण्याचं काम त्या खोलीत कुणी आणायचं नाही. ज्याने त्याने हौसेने केलेली वस्तू मधे ठेवायची. कुणी पानाचा बटवा करी, कुणी चष्म्याचं घर. मग बाकीचे दोघं ती उलटीसुलटी करून, शिवण ताणून खोडी काढत. मेहबूबचा एक नियम होता. स्वतःची वस्तू स्वतः न्यायची नाही, जिच्यावर जो भाळेल त्याने ती न्यायची. रखमाजी घरी काय नेणार? त्याच्या वाटणीचं सगळं मेहबूबच्या पेटीत पडून असे. मात्र तो बैलाचा पट्टा त्याने मधे ठेवला तेव्हा बराच वेळ कुणाला खोडीच सापडली नाही. सोपानने तो उरापाशी धरला आणि घरी नेऊन खुंटीला लावला.

तिथेच घात झाला. पाटील जोडे दुरुस्तीला घेऊन सोपानच्या दारी गेले आणि दारातूनच त्यांना पट्टा दिसला. पोळ्याला सर्ज्याच्या गळ्यात पाहिजे, एवढंच म्हणाले आणि घेऊन आले. पाटलांना नाही म्हणण्याची सोय सोपानच्या सात पिढ्यांत नव्हती.

नुसत्या पट्ट्याचं भय नव्हतं. सोपानने शिवला असंच सगळे धरून चालले होते. भय होतं ते गाठीचं. त्या वाडीत दोर, दावी, कासरे सुगीत एकमेकांना उसने जात, म्हणून प्रत्येक घर दोराच्या शेवटाला आपली वेगळी गाठ मारी. गाठ बघितली की दोर कुणाचा ते कळे, भांडणाचं कारण उरत नसे. रखमाजीच्या घराची गाठ डाव्या अंगाने दोन वेढे घेऊन उलटी आत खोचलेली असे. आणि पट्ट्याची शिवण संपवताना, आतल्या बाजूला, आपल्या बोटांनी न सांगता तीच गाठ मारली होती, हे त्याला आत्ता, ढोल वाजत असताना आठवलं.

दिसायला ती कुणाला दिसली नसती. पण अंबाजीआबा बैलांच्या रांगेतून पुढे येत होता. आबा वाडीचा जुना दोर वळणारा. डोळे कधीच गेले होते. पूजेआधी प्रत्येक बैलाच्या गळ्यातल्या दाव्याला आबाचा हात लागायचा आणि त्याने ‘टिकंल’ म्हटलं की मग हळदकुंकू, अशी तिथली रीत. रखमाजीने मनाचा हिय्या केला, सर्ज्याला कुरवाळण्याचं निमित्त करून पुढे झाला आणि पट्ट्याच्या आत बोटं घातली. गाठ हाताला लागलीही. तेवढ्यात सर्ज्याने शिंगं उगारली आणि पाटील ओरडले, की लांब हो, नव्या माणसाला तो मारतो. रखमाजी मागे सरला. आबा आता दोन बैलांवर होता.

आबाची बोटं नव्या दाव्यावरून फिरली, पट्ट्यावर आली, आत गेली आणि थांबली. म्हाताऱ्याच्या तोंडावर ओळखीचं हसू आलं. त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं, हेच वाईट.

“ही तर रखमाजीच्या घरची गाठ,” तो म्हणाला.

पाटलांनी भुवई चढवली. चिंचेखाली लांब उभ्या असलेल्या सोपानला त्यांनी पुढे बोलावलं आणि अर्थ लावायला त्यांना वेळ लागला नाही. रखमाजीच्या गोठ्यातलं दावं चोरून, उकलून सोपानने दोरा केला. दुसरं काय असणार? सोपानने एकदाच रखमाजीकडे बघितलं आणि मान खाली घातली. एका शब्दात तो सुटला असता. तो शब्द त्याने काढला नाही. गप्प राहिला म्हणजे चोर, असा निकाल करून पाटलांनी त्याचं बलुतं बंद केलं, सूर्य मावळायच्या आत बिऱ्हाड हलवायला सांगितलं आणि हातातली काठी सावरली.

“रखमाजी, तुजं दावं गेलंय का न्हाई, येवडं सांग.”

नुसती मान हलवायची होती. रखमाजीने बायकांच्या घोळक्यात ताट घेऊन उभी असलेली शालू बघितली, पारावरचे हौशीराम बघितले, आणि खरं सांगायचं तर त्याची मान अर्धी हललीसुद्धा. पण ती पुरी खाली जाईना. दोरा मीच त्याला दिला होता, मोट शिवायला, असं तो कसंबसं पुटपुटला. त्याला वाटलं, सुटलो. सोपानही सुटला.

“दोरा दिला असशील बाबा,” आबा म्हणाला. “पन ही गाठ शिवण सपल्यावर मारल्याली हाय. घरच्या हाताबिगर ती बसत न्हाई.”

पाटलांनी एक सुतळी सोपानपुढे फेकली आणि गाठ मारून दाखव म्हणाले. सोपान उकिडवा बसला. पहिला वेढा बरोबर पडला. दुसरा त्याने उजवीकडून घेतला. सोपानने सोडून पुन्हा घेतला, पुन्हा चुकला. एरवी हीच बोटं केसाएवढी शिवण घालणारी होती. काठी वर गेली.

रखमाजी पुढे कसा झाला ते त्याचं त्याला कळलं नाही. तो सोपानशेजारी मातीत बसला, त्याच्या हातातून सुतळी घेतली आणि दोन वेढे डावीकडून देऊन शेवट आत खोचला.

“पट्टा मी शिवलाय,” तो म्हणाला. “ह्यानं न्हाई. कातडंबी मी कापलं, नक्षीबी मीच काढली.”

ढोल थांबला. पाटलांनी काठीच्या टोकाने पट्ट्याची वादी सोडवली आणि पट्टा चिखलात पाडला. घटकाभरापूर्वी चांभाराने शिवलेला म्हणून तो बैलाचा दागिना होता, आता मराठ्याने शिवलेला निघाला म्हणून हात लावायला नको झाला. हौशीराम उठले. त्यांनी पारापाशी काढून ठेवलेल्या चामड्याच्या जोड्यांत पाय घातले आणि कामशेत स्टेशनच्या वाटेला लागले. त्यांच्या जोड्यांचा करकर आवाज बराच वेळ ऐकू येत होता. माणसं एकेक पाऊल मागे सरकत गेली आणि मधे रखमाजी आणि सोपान दोघंच उरले.

गाव काय करणार हे रखमाजीला ठाऊक होतं. उद्या विस्तव मिळणार नाही, परवा न्हावी येणार नाही. त्याचं भय आता मागे पडलं होतं. शालू पुढे येत होती, तिचं भय वाटत होतं. तिच्याकडे बघायचा त्याला धीर होईना. तिची पावलं त्याच्यापाशी थबकली, मग पुढे गेली. तिने चिखलातून पट्टा उचलला आणि पदराने पुसला. नवा पदर, पोळ्यासाठी नेसलेला. रांगेच्या टोकाला त्यांचा ढवळ्या उभा होता. शालूने पट्टा त्याच्या गळ्यात घातला आणि वादीची गाठ मारली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण बोटं चुकली नाहीत. दोन वेढे डावीकडून, शेवट आत.

“आबा,” ती म्हणाली, “आमचा बैल ऱ्हायलाय.”

पाटील म्हणाले, “आबा, तितं हात लावू नगा.”

आबा जागीच थबकला. त्याचाही जन्म या वाडीतच गेला होता, विस्तव त्यालाही लागत होता. रखमाजी त्याच्या हाताकडे बघत राहिला. म्हाताऱ्याचा हात चाचपडत पुढे आला, हवेत थांबला, मग ढवळ्याच्या मानेवर पडला. बोटं शिवणीवरून या कडेपासून त्या कडेपर्यंत सावकाश गेली, वादीवर आली, गाठीपाशी थांबली. आबाने ती दोनदा ओढून बघितली.

“टिकंल,” तो म्हणाला, आणि हळदकुंकवाचं ताट कुठे आहे ते विचारायला लागला.