मी गिळलेले ठोसे

मित्रांनो, नगर जिल्ह्यातल्या कर्जतमध्ये औषधांच्या एका दुकानावर टायपिंगचा क्लास आहे. तिथे खिडकीकडून तिसऱ्या टेबलावर असतो तो जुना कीबोर्ड मी. माझ्या 'ए' या बटणावरचं अक्षर केव्हाच पुसलं गेलं आहे, स्पेसची मोठी पट्टी एका बाजूने घासून चमकते आणि उजव्या कोपऱ्यात कुणा घाबरलेल्या परीक्षार्थीने सांडलेल्या चहाचा डाग आहे. तरी मला कधी कुणी खराब म्हटलं नाही. अकरा वर्षं माझं कौतुकच झालं, आणि त्या कौतुकाने मी थोडा शेफारलो होतो, हे आधीच कबूल करतो.

दूरच्या एका कारखान्यात, एकाच दिवशी, हजारो भावंडांबरोबर माझा जन्म झाला. पोटात प्लास्टिकचे तीन पातळ पापुद्रे घातले, त्यांवर रेघा ओढल्या, वर रबराची चादर टाकली आणि बटणं बसवली. मग खोक्यात बंद होऊन, टेम्पोत हिंदकळत मी कर्जतला आलो. क्लासाचे मालक बिभीषण सर. त्यांनी मला खोक्यातून काढलं, 'एफ' आणि 'जे' वरचे उंचवटे बोटांनी चाचपले आणि मान डोलावली. त्या दिवसापासून मी कामाला लागलो.

किती हात माझ्यावरून गेले! शेंगा फोडून काळवंडलेली बोटं आली, मेंदी लावलेली आली, थरथरणारी तर रोजच आली. तलाठ्याच्या, कोर्टातल्या, बँकेतल्या नोकरीसाठी लोकांनी माझ्यावर घाम गाळला. परीक्षा जवळ आली की सर नवख्याला सांगायचे, "तिसऱ्यावर बस. त्यो दगा देत न्हाई." हे ऐकून शेजारच्या टेबलावरचे कीबोर्ड जळत असणार, असं मला वाटायचं. वाटायला काय जातं?

सरांची मुलगी जया माझ्यावरच शिकली, माझ्यावरच पास झाली आणि बी. कॉम. संपवून क्लासात शिकवूही लागली. सरांना ती घरी अण्णा म्हणते आणि क्लासात सर. गडबडीत कधी उलटंही होतं, मग मुलं हसतात. बारा ते चार क्लास रिकामा असतो. एका दुपारी जयाने माझ्या कॉम्प्युटरवर लढतीचा एक खेळ चढवला. दोन लढवय्ये समोरासमोर उभे राहतात, ठोसे आणि लाथा घालतात, ज्याची ताकदीची पट्टी आधी संपते तो हरतो. मला वाटलं, चार दिवसांची हौस आहे. पण ती हौस नव्हती.

जया पहिल्या आठवड्यात चाळीस वेळा हरली. चिडून तिने फोनवर शोधाशोध केली आणि तिला 'नगरी फड' सापडला. जिल्ह्यातली साठ-सत्तर माणसं या ग्रुपवर हाच खेळ शिकतात, शिकवतात आणि त्यावर तावातावाने बोलतात. फडाचा कारभार बेलापूरच्या कल्याणदादाकडे आहे. पाण्याच्या जळालेल्या मोटारींना नवी तार भरून द्यायचं त्याचं दुकान आहे. मोटारी भरता भरता तो कानाला फोन लावून नवख्यांना डाव समजावतो.

या फडाची एक रीत मला फार आवडली. हरलेल्या माणसाने त्याच दिवशी लिहायचं, की मी कशाने हरलो. कुणाकडून हरलो ते लिहायचं नाही. मग बाकीचे त्यावर उपाय सांगतात. जया लिहायची, "समोरचा उडी मारून अंगावर येतो आणि मी नुसती बघत बसते." लगेच राहात्याची दिशा उत्तर द्यायची, "बघू नको गं, खालून उसळी मार." उसळी म्हणजे उडी मारणाऱ्याला जमिनीवरून हाणायचा ठोसा. पुढे, मग खाली, मग खाली आणि पुढे एकत्र, आणि त्याच क्षणी ठोशाचं बटण. शेवटच्या क्षणी तीन बटणं एकदम दाबावी लागतात.

फडाचा नियम मात्र एकच आणि कडक होता. तो सगळ्यांत वर लिहिलेला होता: 'बहाणा बंद. नेट, वीज, बटण, घरचे, काय बी सांगायचं न्हाई.' हा नियम उगाच आला नव्हता. पूर्वी जो तो हरला की नेटला शिव्या घालायचा, त्यावरून भांडणं व्हायची आणि शिकणं बाजूलाच राहायचं. कल्याणदादाने नियम केला आणि फड सुधारला. म्हणून त्या नियमाला कुणी हात लावत नसे.

दुसऱ्या जिल्ह्यांतल्या गटांशी खेळायला फडातली निवडक आठ माणसं जातात. त्यांना पहिला फड म्हणतात. त्यात एक जागा रिकामी झाली आणि जयाने ठरवलं, ती आपली. परीक्षा नेटवरूनच होते आणि सोपी दिसते: खेळात कल्याणदादासमोर डाव्या बाजूला उभं राहून दहा उसळ्या, मग उजव्या बाजूला उभं राहून दहा. वीसच्या वीस बसल्या पाहिजेत.

डाव्या बाजूच्या दहा तिला महिन्याभरात बसल्या. उजव्या बाजूला उभी राहिली की मात्र पाच बसायच्या, कधी चार. ती रोज दोन तास फक्त तेवढंच करायची. बोटाला फोड आला, तिने चिकटपट्टी लावली आणि पुन्हा बसली. ग्रुपवर लिहिलं, "उजव्या बाजूला माझा हात चुकतो." कल्याणदादाने उत्तर दिलं, "हात चुकतोय तर हात सुधार. घाई नको." तिने घाई सोडली. हात सावकाश, नेमका, सुंदर केला. आणि पाचाच्या तीन झाल्या, मग दोन.

मित्रांनो, आता लाज वाटते, पण सांगतो. चूक तिच्या हाताची नव्हतीच. चूक माझी होती. माझ्या पोटातल्या एकेका रेघेवरून अनेक बटणांचे निरोप जातात. काही ठरावीक तीन बटणं एकदम दाबली, तर मी गोंधळतो आणि एक निरोप गिळून टाकतो. 'ए', 'एस' आणि 'यू' हे तसलंच त्रिकूट. डावीकडे जायला 'ए', खाली बसायला 'एस' आणि ठोशाला 'यू'. डाव्या बाजूला उभं राहिलं की पुढे म्हणजे उजवीकडे, 'ए' लागत नाही, म्हणून तिथे सगळं सुरळीत. सुरुवातीला तिचा हात कच्चा होता, एखादं बोट आधीच उचललं जायचं आणि ठोसा निसटून पोहोचायचा. हात पक्का झाला, तिन्ही बोटं एका क्षणी टेकू लागली, आणि मी जवळजवळ प्रत्येक ठोसा गिळू लागलो. ती जितकी चांगली झाली, तितका मी तिला जास्त हरवत होतो. अकरा वर्षांत हे कुणाला कळलं नाही, कारण टायपिंगमध्ये माझी तीन अक्षरं एकदम दाबतो कोण?

परीक्षा शनिवारवर आली होती. मंगळवारी दुपारी ती सलग अकरा वेळा चुकली आणि खुर्ची मागे सरकवून बसली. डोळे भरून आले होते. "माझ्या हातातच न्हाई ते," ती स्वतःशीच म्हणाली. मला त्या क्षणी फुटून जावंसं वाटलं.

मागे सर आमच्याकडे पाठ करून परीक्षेचे फॉर्म तपासत होते. त्या खेळातलं त्यांना काही कळत नव्हतं. ते न वळताच म्हणाले, "काय चुकलं?"

"सगळंच. उजवीकडची उसळी बसंना."

"बोटं तर बरोबर पडत्यात की."

"तुमी बघितलं कुठं, अण्णा?"

"बघायचं कशाला? तीस वर्सं ऐकतोय मी. बोटं मागंपुढं पडली की तीन आवाज येत्यात. तुझा एकच येतोय. अकराच्या अकरा येळा एकच आला." आता ते उठून आले, चष्मा कपाळावर सरकवला. "व्हय बाजूला. कोरं पान उघड."

जयाने कोरं पान उघडलं. सरांनी माझ्यावर तीन बोटं एकदम टेकवली आणि दाबून धरली. पडद्यावर 'ए' आलं, 'एस' आलं. 'यू' आलंच नाही. सरांनी पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. मी दगा देत नाही असं सांगणारा माणूस माझ्याकडे टक लावून बघत होता. इतकी नामुष्की मी कधी सोसली नव्हती.

"नवा आणू का?" सरांनी विचारलं.

जयाने ओढणीच्या टोकाने डोळे पुसले आणि म्हणाली, "थांबा. आधी ह्याला काय काय जमतं ते बघू." त्या दोघांनी संध्याकाळच्या बॅचपर्यंत माझं एकेक बटण तपासलं. 'ए' आणि 'एस' दाबून धरायची आणि तिसरं बटण बदलत जायचं. सर वहीत फुल्या मारत होते. माझी सगळी खोट त्या पानावर उतरली. पण 'एल' हे बटण दोन्ही बाजूंना चोख निघालं, म्हणून जयाने खेळातला ठोसा 'यू' वरून 'एल' वर नेला.

तीन बटणं दाबूनही दोनच अक्षरं उमटतात, याचा व्हिडिओ जयाने लगेच फडावर टाकला. दोन मिनिटांत हसणं सुरू झालं. कुणी लिहिलं, "आला बहाणा!" कुणी वरचा नियमच पुन्हा चिकटवला. जयाचे कान लाल झाले, पण तिने लिहिलं, "मला सूट नको. फक्त आपापला कीबोर्ड तपासा." थोड्या वेळाने दिशाचा निरोप आला, "अगं, माझा पण एक ठोसा खातोय. मी तीन महिने स्वतःला शिव्या देतीय." मग तिसऱ्याचा आला, मग आणखी दोघांचा.

मग कल्याणदादाने ग्रुपवर बोललेला निरोप टाकला. "दुकानात मोटार आली, तर मी शेतकऱ्याला म्हणत न्हाई का तुला मोटार चालवता येत न्हाई. आधी मीटर लावतो, मग बोलतो. हितं मात्र मी मीटर न लावताच ह्या पोरीला हात सुधार म्हणालो. चुकलं माझं. जया, माझ्याकडं हातात धरून खेळायचं चांगलं कंट्रोलर हाय, उद्याच्या एसटीनं धाडतो."

"नको, दादा," जया म्हणाली. "फडात निम्म्या लोकांकडं असलेच कीबोर्ड हायेत. ह्याच्यावर जमतं का न्हाई, ते त्यांना बी कळू द्या. परीक्षा ह्याच्यावरच देते. शनिवारीच."

चार दिवस उरले होते. 'एल' वर करंगळीशेजारचं बोट पडतं, आणि टायपिंग शिकवणारा कुणीही सांगेल, की ते सगळ्यांत आळशी बोट. सरांनी लाकडी पट्टी घेतली आणि टेबलावर ताल धरला, पहिल्या दिवशीच्या विद्यार्थ्याला धरतात तसाच. आधी अगदी हळू. एक उसळी, थांब. एक उसळी, थांब. "कोणाला मारतीयस ते मला ठावं न्हाई," सर म्हणाले, "पर तालात मार." बुधवारी तिचं बोट सारखं जुन्या 'यू' कडे पळायचं. गुरुवारी कमी पळालं. शुक्रवारी दुखणारा हात तिने कोमट पाण्यात बुडवला आणि पुन्हा येऊन बसली. मी माझ्या परीने जीव एकवटून एकेक निरोप पोहोचवत होतो.

परीक्षेच्या दुसऱ्या खेपेला, पुढच्या शनिवारी तिने वीसपैकी वीस उसळ्या मारल्या आणि ती पहिल्या फडात गेली, हे आता सगळे सांगतात. पण मला जपून ठेवावासा वाटतो तो त्याच्या आधीचा, पहिल्या परीक्षेचा शनिवार. दुपारी दोनला सगळा फड फोनवर ऐकायला जमला होता. डाव्या बाजूच्या दहा बसल्या. उजव्या बाजूची पहिली बसली, पाचवी बसली, नववी बसली. दहावीला तिचं बोट सवयीने 'यू' वर गेलं आणि ठोसा पडलाच नाही. कल्याणदादाने हळूच विचारलं, "परत कीबोर्डनं खाल्ला का गं? तसं असंल तर सांग, धरत न्हाई मी."

तिला हो म्हणता आलं असतं. त्या दिवशी सगळ्यांनी विश्वास ठेवला असता, आणि मी कुठे साक्ष द्यायला उठणार होतो? पण जया म्हणाली, "न्हाई, दादा. ही माझी चूक. बोट जुन्या जागी गेलं." आणि ती चक्क हसत होती. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच तिला स्वतःची खरी चूक हाताला लागली होती, आणि खरी चूक सुधारता येते हे तिला माहीत होतं.

मित्रांनो, तुमच्या हाती कीबोर्ड असेल, शिलाई मशीन असेल, नाहीतर साधा पेन असेल. वारंवार अपयश आलं, तर आपल्या हाताला दोष देण्याआधी आम्हाला एकदा नीट तपासा. आमच्यात खोट निघाली, तरी लगेच भंगारात टाकू नका, आमच्यातलं काय शाबूत आहे तेही बघा. आणि आम्ही आमचं काम चोख केलं असेल त्या दिवशी, मित्रांनो, चूक आमच्यावर ढकलू नका. आम्हाला बोलता येत नाही.