पूजेतली काठी

मित्रांनो, मला लोखंडी कपाट समजू नका हं! मी एक जुना ॲम्प्लिफायर आहे. रेडिओचा बारीकसा आवाज मोठ्ठा करून कर्ण्यांतून साऱ्या मैदानाला ऐकवायचा, हे माझं काम.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. मुंबईत माझी जोडणी झाली आणि आगगाडीनं मी अकोल्याला खुशालरावांच्या दुकानात आलो. रोज संध्याकाळी मैदानात माझ्या बातम्या लागत. दर्यापूरकडून कापूस घेऊन आलेले गाडीवान बैल सोडून ऐकत बसत. काय रुबाब होता माझा!

पण खरं सांगू? तो रुबाब नत्थुजी मिस्त्रींमुळे होता. जवळच्या, सरकी काढायच्या जिनिंगातला कापूस उडून माझ्या हवेच्या जाळ्यांत बसायचा आणि माझा जीव गुदमरायचा. म्हणून दर मंगळवारी, मी धडधाकट असलो तरी, नत्थुजी माझं दार उघडत. आधी वीज तोडत. मग बांबूच्या काठीचा पितळी आकडा माझ्या वीज साठवणाऱ्या कंडेन्सरला टेकवत. आकड्याची तार जमिनीत गाडलेली. वीज तोडली तरी माझ्या पोटात हजार व्होल्ट दबा धरून बसतात, ते 'टक्' करून जमिनीत जात. त्यानंतरच ब्रश, कोरडं फडकं आणि स्क्रू आवळणं.

एका वर्षी खंडेनवमी नेमकी मंगळवारी आली. त्या दिवशी हत्यारं पूजेला मांडतात आणि दसऱ्यापर्यंत कोणी उचलत नाही. खुशालरावांच्या आई गोदाबाईंनी पक्कड, ब्रश सगळं पाटावर मांडलं. सफाई राहिली ती राहिलीच. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"नत्थू, दार उघड याचं. देवाले दार लावून पुजते का कोनी?"

नत्थुजींनी वीज तोडून दार उघडलं आणि आकडा टेकवला. मग तार सोडून काठीही पाटावर ठेवली. आत चिनी मातीच्या पांढऱ्या खुंट्या आहेत, त्या विजेला अडवून धरतात. गोदाबाईंनी त्यांनाही ओलं हळदकुंकू लावलं. मी इतका नटलो, की मलाही बरंच वाटलं!

संध्याकाळी मला सुरू केलं मात्र, त्या ओल्या कुंकवावरून चर्रकन ठिणग्या उडाल्या. कर्णे खरखरले आणि गप्प झाले. नत्थुजींनी वीज तोडली, दार उघडलं आणि पाटावरच्या काठीकडे पाहिलं.

"पूजेतल्या काठीले हात नोका लावू, नत्थुजी," खुशालराव म्हणाले. "वीज तं तोडली ना? काहून भेऊन राहिले?"

"मालक, भिंतीतली तोडली. याच्या पोटातली नाही गेली."

"रोजचंच तं यंत्र आहे तुमचं. तिकडे लोकं हासून राहिले!"

नत्थुजींनी बाही सरसावली. हात आत आला. वीतभर अंतर राहिलं. मित्रांनो, साऱ्या मैदानाला ऐकू जाणारा मी, पण त्या घडीला मला "थांबा" एवढंसुद्धा म्हणता येईना!

"थांब रे बाप्पा!"

गोदाबाई होत्या त्या. त्यांनी पाटाला हात जोडले आणि काठी उचलली. "देव रागावला तं माह्यावर रागावू दे. याच्या लेकरायले मी काय सांगू?"

नत्थुजींनी तार जोडून आकडा टेकवला. ठाण्ण! अशी निळी ठिणगी उडाली, की खुशालराव दोन पावलं मागे सरले.

"आता मी लावू का हात, नत्थू?" गोदाबाईंनी हळूच विचारलं.

"लावा, माय."

आपण लावलेलं कुंकू त्यांनी स्वतः कोरड्या फडक्यानं पुसलं. त्या दिवशी मैदानात निम्म्याच बातम्या ऐकू गेल्या. पुढच्या वर्षापासून माझी पूजा दाराबाहेरूनच होऊ लागली आणि काठी पाटावर कधी गेली नाही.

त्यानंतर कितीतरी मंगळवार नत्थुजींचा हात माझ्या अंगावरून फिरला. आता मी गोदामात पडून आहे, जाळ्या बुजल्या आहेत. मित्रांनो, यंत्र बिघडायची वाट पाहू नका, चालतं आहे तोवरच त्याची निगा राखा. आणि निगा राखणारा माणूस थांबला, तर त्याच्यामागे घाईचा लकडा लावू नका. माझा एखादा भाग जळून गेला असता, तर मुंबईहून दुसरा आला असता. दुसरे नत्थुजी कुठून आणले असते?