आज सकाळी तोडलेले

मित्रांनो, तुमच्याशी बोलतोय तो मी एक जुना फळा आहे. माझा एक कोपरा उडाला आहे आणि सध्या माझे तोंड भिंतीकडे आहे, म्हणून आवाज जरा दबका येईल.

एका सुताराने मोडक्या कपाटाच्या दारातून मला कापून काढले. भाजीवाल्या काकांनी काळा रंग दिला आणि टोमॅटोंच्या वर टांगले. रोज मळेवाली मावशी टोपली उतरवायची आणि काका माझ्यावर लिहायचे, ‘मावशीच्या मळ्यातले, आज सकाळी तोडलेले.’ शेजारीच लांबून आलेले, चकचकीत आणि स्वस्त टोमॅटो असत. तरी गिऱ्हाईक मला वाचून मावशीच्या वाकड्यातिकड्या टोमॅटोंकडेच वळे. एक निवृत्त शिक्षिका तर चष्मा विसरल्या की मला दुसऱ्याकडून वाचून घेत आणि मगच पिशवी उघडत. मला फार मोठेपणा वाटायचा. खरे तर तो मावशीचा होता.

मग मावशी आजारी पडली. महिनाभर टोपली आली नाही. लोकांनी तिला विसरू नये म्हणून काकांनी माझ्यावरची ओळ तशीच ठेवली आणि खाली लांबचे टोमॅटो मांडले. माणूस मनाने सरळ, पण करायला गेला एक आणि झाले भलतेच. लोकांनी ते खाल्ले आणि तोंडे वाकडी केली. मावशीच्या मालात आता राम राहिला नाही, असे जो तो म्हणू लागला.

मावशी बरी होऊन भरली टोपली घेऊन आली. दुपारपर्यंत एकही टोमॅटो खपला नाही. शिक्षिकाबाईंनी मला वाचले आणि पिशवी न उघडताच त्या पुढे गेल्या. मावशीने कारण विचारले, तेव्हा काकांनी खाली मान घालून सगळे सांगितले.

“तुमच्यासाठीच केलं हो,” ते म्हणाले.

“माझे टोमॅटो महिनाभर दिसले नसते, तर लोकांनी वाट पाहिली असती,” मावशी म्हणाली. “आता कशाला पाहतील?”

तिने तळहाताने माझ्यावरचे आपले नाव पुसले, टोपली उचलली आणि ती गेली. पुन्हा आली नाही.

काकांनी मला पोत्यांमागे ठेवून दिले. सकाळी दुकान उघडल्याचा आवाज येतो, पण माझ्यापर्यंत कोणी येत नाही. फार एकटे वाटते.

मित्रांनो, तुमच्या हाती कधी असा फळा आला, तर त्याचा रंग उडाला तरी चालेल, पण त्याच्यावर खोटे लिहू नका. त्या महिन्यात काकांनी एवढेच लिहायचे होते, ‘मावशी आजारी आहे. टोमॅटो नाहीत.’