झिलईचं माप कुणी फोडलं

आमच्या विद्यापीठाच्या नवसंशोधन कक्षात, दारातून आत येताच समोर दिसेल अशी एक पाटी आहे : ‘आधी अर्ज, मग तोंड.’ ती मी लावलेली आहे. पेटंटचा अर्ज दाखल होईपर्यंत शोधाबद्दल कुठे बोलायचं नाही, लिहायचं नाही, पोस्टरसुद्धा चिकटवायचं नाही. एकदा गोष्ट चारचौघांत गेली की ती नवी राहत नाही, आणि पेटंट मिळत नाही. दर वर्षी नव्या संशोधक विद्यार्थ्यांना मी हे तासभर समजावते. मधे मधे विनोद करते, पोरं हसतात. तास संपला की मी जाऊन तोंडावर पाणी मारून येते. कारण हा नियम आमच्या विद्यापीठात सगळ्यांत वाईट रीतीने कुणी मोडला असेल, तर तो मी.

आमचं गाव टाइल्सच्या भट्ट्यांचं. गावाच्या एका टोकाला विद्यापीठ, दुसऱ्या टोकाला भट्ट्या, आणि चाळीस वर्षं दोघांनी एकमेकांकडे ढुंकूनही पाहिलेलं नाही. मी सिरॅमिक्स शिकवते. माझा थोरला भाऊ वडिलांची भट्टी चालवतो. त्याला मीच काय, अख्खी गल्ली दादा म्हणते. म्हणजे विद्यापीठ आणि उद्योग यांची ओळख निदान आमच्या घरात तरी होती, पण तीही रविवारच्या जेवणापुरती. “तुमच्या प्रयोगशाळेत एवढुशी टाइल भाजता,” दादा वाढता वाढता म्हणायचा, “तिच्यावर मांजर तरी बसेल का गं, प्रोफेसरीणबाई?”

मग नवे कुलगुरू आले. ज्या गावात आपण उभे आहोत त्याच्या उपयोगी पडा, असं त्यांनी पहिल्याच बैठकीत बजावलं. आम्ही प्राध्यापकांनी सवयीने नाकं मुरडली. मी मात्र घरी येऊन दादाला विचारलं, “तुझं सगळ्यात जास्त कशात जातं?” तो म्हणाला, “गॅसमध्ये. दुसरं काय?” टाइलवरची झिलई वितळून चकाकेपर्यंत भट्टी तापवत ठेवावी लागते, आणि त्या शेवटच्या शंभर अंशांतच मालकाचा घाम निघतो. शंभर अंश कमी तापमानावर वितळणारी झिलई करायची, असं आम्ही ठरवलं.

ती झिलई माझी म्हणतात. खरी ती मिस्त्रींची. मिस्त्री म्हणजे बावीस वर्षं दादाच्या भट्टीवर झिलईचा घोळ कालवणारे गृहस्थ. जाडजूड, पिकलेल्या मिशांचे आणि कमालीचे बडबडे. भट्टी पेटवताना ते भट्टीशी बोलायचे, माझ्या विद्यार्थ्यांशी तर बोलायचेच, आणि कुणी नसलं तर घोळाला रागवायचे. फुटक्या बाटल्यांच्या काचेचा भुगा घालून बघा, हे त्यांनीच सुचवलं. आम्ही एकशे चाळीस नमुने भाजले. एकशे एकेचाळिसावा बाहेर आला तेव्हा मिस्त्री त्या टाइलवर नुसता अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, “ताई, जमलं बरं का.”

त्या एका टाइलमुळे, एकमेकांचं तोंड न पाहणारे सात भट्टीमालक विद्यापीठाच्या टेबलाभोवती बसले. पेटंट विद्यापीठाच्या नावावर, वापर सातही भट्ट्यांचा, आणि दर वर्षी आमचे वीस विद्यार्थी तिथे कामाला. कुलगुरूंनी माझ्या खांद्यावर थोपटलं. दादा त्या दिवशी मांजराबद्दल काही बोलला नाही. इतका अभिमान मला पूर्वी कधी वाटला नव्हता, नंतरही नाही.

आणि तो अभिमानच मला नडला. वकील अर्ज लिहीत होते, आणखी तीन आठवडे लागणार होते. मधेच एका मोठ्या परिषदेचं आमंत्रण आलं. व्याख्यानाचा गोषवारा आधी पाठवायचा होता. माझ्या पदोन्नतीची फाइल त्याच वेळी वर गेली होती, आणि आकड्यांशिवाय गोषवारा अगदीच पोकळ वाटत होता. म्हणून मी काच, टाकणखार आणि माती यांची प्रमाणं, म्हणजे झिलईचं मापच, त्यात घातलं. फक्त तीन आकडे. परिषदेच्या पुस्तिका कोण वाचतं? मी स्वतः एकही वाचलेली नाही. ती पुस्तिका आमच्या अर्जाच्या अकरा दिवस आधी सगळ्यांसाठी खुली झाली.

दीड वर्षाने पेटंट नाकारल्याचं पत्र आलं. त्यात आधार म्हणून एकच कागद दिला होता : त्या पुस्तिकेचं चौसष्टावं पान. खाली माझं नाव होतं.

वकील म्हणाले, “होतं असं.” कुलगुरूंना मी ‘तांत्रिक कारण’ सांगितलं. दादाला फोन केला आणि म्हणाले, “मिळालं नाही रे. माप आधीच बाहेर गेलं होतं.”

“बाहेर? कुठून?”

“ते नाही सांगता येत.”

मी खोटं बोलले नव्हते. वाक्यात मी नव्हते, एवढंच.

दोन महिन्यांत दूरच्या एका मोठ्या कारखान्याने तीच झिलई बाजारात आणली. पेटंट नाही म्हटल्यावर त्यांना कोण अडवणार? सातांतल्या तीन भट्ट्या बंद पडल्या, टेबलाभोवतीची माणसं पुन्हा एकमेकांची तोंडं चुकवायला लागली. दादाची भट्टी तगली, एका पाळीवर. पण माप बाहेर गेलं म्हणजे कुणाच्या तरी तोंडून गेलं, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. भट्टीवर तोंड कुणाचं मोठं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. एका रविवारी ताटावर बसल्यावर मला कळलं, की त्याने मिस्त्रींना काढून टाकलं.

“बावीस वर्षं, गं,” दादा म्हणाला. त्याचा घास हातातच राहिला होता. “घरचा माणूस समजत होतो.”

तेव्हाच बोलायचं होतं. वहिनीने विचारलं, आणखी वाढू का? मी म्हणाले, थोडंसं.

त्यानंतर माझी पदोन्नती झाली. नवसंशोधन कक्षही माझ्याकडेच आला, कारण म्हणे मला ‘अनुभव’ होता. मी पाटी लावली.

दीड वर्ष गेल्यावर एका सकाळी मिस्त्री माझ्या कार्यालयात आले. इस्त्रीचा शर्ट, आणि मिशा काढलेल्या. खुर्चीच्या कडेवर बसले. बसल्या बसल्या भट्टीपासून भाचीपर्यंत सगळं सांगणारा हा माणूस आज थेट कामाचं बोलला.

“ताई, एक कागद पाहिजे होता.”

“कसला?”

“झिलईचं माप मी फोडलं नाही, असा. विद्यापीठाचा शिक्का असला की झालं. कुठल्याही भट्टीवर गेलो तरी म्हणतात, कारागीर तुम्ही चांगले, पण आमच्याकडे नको. आता गोदामात पोती उतरवतो. पाठ धरते हो या वयात.”

ते नाकारल्याचं पत्र त्यांच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर, माझ्या खणात होतं. मी संगणकाकडे वळले आणि टाइप केलं : सदर व्यक्तीने प्रकल्पास मोलाचे सहकार्य केले असून त्यांच्याविषयी विद्यापीठाकडे कोणतीही तक्रार नाही. शिक्का मारला. मिस्त्रींनी ओळीखाली बोट धरून दोनदा वाचलं.

“यात मी फोडलं नाही असं कुठंय?”

“तसं लिहिता येत नाही, मिस्त्री. चौकशी झालेली नाही ना.”

“मग करा की चौकशी.”

“वेळ लागतो त्याला.”

त्यांनी कागदाची घडी केली. दारापर्यंत गेले आणि मागे वळले. “तुम्हाला तरी वाटतं का ताई, मी सांगितलं असेल?”

“नाही हो,” मी म्हणाले. तेवढं एक त्या दिवशी मी खरं बोलले.

“मग माझंच काहीतरी चुकत असेल,” असं पुटपुटत ते गेले. मी तशीच वर्गावर गेले आणि शिकवलंसुद्धा. माणूस किती निर्लज्ज होऊ शकतो, हे कुणाला बघायचं असेल तर मला बघावं.

पाच आठवड्यांनी दादाचा फोन आला. आवाजात इतका आनंद, की मला वाटलं भट्टीला मोठी ऑर्डर मिळाली.

“अगं, मिस्त्री आले परत! आपणहून आले. हात जोडून म्हणाले, दादा, माझ्याच तोंडून गेलं असणार, माफ करा. मी म्हटलं, जाऊ द्या. माणसाने कबूल केल्यावर किती ताणायचं? उद्यापासून घोळ त्यांच्याकडे.”

मला आधी हायसं वाटलं. हे लपवण्यात अर्थ नाही. सगळं कसं जागच्या जागी बसलं होतं. मिस्त्रींना काम मिळालं, दादाला मोठेपणा मिळाला, आणि मला काहीच करावं लागणार नव्हतं. मी चहा टाकला, प्यायले, कप विसळला. विसळता विसळता स्वतःची इतकी किळस आली की नळ तसाच वाहत ठेवून मी खाली बसले.

दुसऱ्या दिवशी खणातलं ते नाकारल्याचं पत्र पिशवीत घालून भट्टीवर गेले. शेडमध्ये फिरता पट्टा खडखडत होता, त्यावरून कच्च्या टाइल्स चालल्या होत्या. पाचसहा कामगार आपापल्या जागी होते. मिस्त्री पिंपापाशी उभे राहून घोळ ढवळत होते, खालमानेने.

“मिस्त्री, तुम्ही खोटं का कबूल केलंत?”

“खोटं नाही, ताई.” त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “लय आठवलं मी. एकदा चहावाल्याकडे काचेच्या भुग्याचं बोललो होतो. शेजारी एक जण होता, निळ्या शर्टातला. कान देऊन ऐकत होता. तोच असणार.”

“अहो, काचेचा भुगा जगभर वापरतात. नुसत्या भुग्याने काय होतं?”

“पण मी बोललो होतो ना.”

त्यांचा विश्वास बसला होता. नोकरीसाठी त्यांनी खोटं कबूल केलं असेल, असं मी वाटेत धरून चालले होते, आणि त्यातही मला थोडा आधार वाटत होता. तो आधारही गेला.

मी दादाला हाक मारली. तो केबिनमधून हसत बाहेर आला. माझा चेहरा पाहून त्याने पट्टा बंद करायला लावला. सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी पत्र काढलं आणि वाचलं : पेटंट कोणत्या कारणाने नाकारलं, कोणत्या तारखेची पुस्तिका, कोणतं पान, आणि लिहिणारीचं नाव. नाव दोनदा वाचलं.

“म्हणजे तू?” दादा म्हणाला.

“मी. मिस्त्रींचा काही संबंध नाही. चहावाल्याचा नाही, कुणाचाच नाही.”

“तुला कधी कळलं?”

“पत्र आलं त्याच दिवशी.”

“आणि रविवारी माझ्याकडे जेवत होतीस.”

“हो.”

त्याने मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो मिस्त्रींकडे वळला. त्याने हात जोडले. कामगारांसमोर, चुन्यामातीने माखलेल्या माणसापुढे. मिस्त्री गडबडले. त्यांनी दादाचे हात धरून खाली केले, आणि मग माझ्याकडे आले.

आता हा माणूस मला काय वाटेल ते बोलो, असं मी मनातल्या मनात म्हणत होते. त्यांनी आधी आपले हात पँटीला नीट पुसले.

“हा कागद मला द्याल का, ताई?”

“घ्या. तुमचाच आहे.”

“घरी दाखवायचाय.” कागदाची घडी करून त्यांनी ती वरच्या खिशात ठेवली. “पोरगी दोन वर्षं भांडत होती सगळ्यांशी, माझ्या बाबांनी नाही सांगितलं म्हणून. गेल्या महिन्यात मीच तिला म्हणालो, भांडू नको बाळ, मी सांगितलं होतं.”